नववी-दहावीच्या इंग्रजीचं वर्षाचं नियोजन: फळ्यावरचं उत्तर बंद करायचं आहे, मदत हवी

खाडीपलीकडची | २१ एप्रिल, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी कळव्याच्या एका सेमी-इंग्रजी शाळेत इंग्रजी शिकवते. राज्य मंडळ, मराठी प्रथम भाषा, इंग्रजी तृतीय भाषा. येत्या जूनपासून नववी आणि दहावी दोन्ही वर्ग माझ्याकडे आहेत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पाठ्यपुस्तक पूर्ण झालं पाहिजे, बाकी नियोजन तुमच्या पद्धतीनं करा." एवढी मोकळीक चौदा वर्षांत पहिल्यांदाच मिळाली आहे, म्हणून सुट्टी लागायच्या आत हा धागा काढतेय.

हे डोक्यात कुठून आलं ते आधी सांगते. मार्चमध्ये नववीच्या वह्या तपासत होते. धड्याखाली प्रश्न होता: गोष्टीतल्या मुलानं चोरलेले पैसे परत जागेवर का ठेवले असतील? 'असतील' म्हटलंय, म्हणजे मुलांनी आपलं मत लिहायचं. ५८ वह्यांपैकी ५१ वह्यांत शब्दशः एकच उत्तर, स्वल्पविरामासकट. कारण ते मीच फळ्यावर लिहिलं होतं. एका मुलीच्या वहीत शाईच्या ओळींखाली पेन्सिलीनं लिहून खोडलेलं काहीतरी दिसलं. पान खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. मराठीत होतं, 'त्याला शिकायचं होतं म्हणून.' अख्खी गोष्ट त्या चार शब्दांत आहे. तिला ती कळली होती. तरीही तिनं स्वतःचं उत्तर खोडलं आणि त्यावर माझ्या तीन ओळी सुवाच्य अक्षरात उतरवून काढल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही, खरंच सांगते.

आता हिशेब. आठवड्याला ७ तासिका, ३५ मिनिटांच्या. घटक चाचण्या, सहामाही, क्रीडा सप्ताह, स्नेहसंमेलन, गणपती-दिवाळी वजा जाता गेल्या वर्षी हातात जेमतेम १७५ तासिका पडल्या. आमच्याकडे पद्धत अशी की सोमवार ते गुरुवार धडा आणि कविता, शुक्रवार-शनिवार व्याकरणाचं वेगळं पुस्तक. दोघांची गाठच पडत नाही. धड्यात संवादच संवाद असतात आणि शुक्रवारी मुलं दुसऱ्याच कुठल्या तरी वाक्यांचं 'इनडायरेक्ट' करत बसतात. भाषा आणि साहित्य या दोन वेगळ्या चुली मांडणं मला पटत नाही, पण एकत्र कशा मांडायच्या तेही नीट उमजत नाही.

ज्यांनी वर्गात काही करून पाहिलं असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा. टाचण वहीत शोभेल असं नको, पहिल्या दिवशी वर्गात जाऊन काय केलंत ते हवंय.

नौपाड्याचे_मास्तर | २२ एप्रिल, सकाळी ७.१५

बाई, धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. मी ३४ वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. व्याकरणाचं सांगतो, कारण शेवटची दहा-बारा वर्षं मी त्यातच घालवली.

पोरं इंग्रजीत जिथं चुकतात तिथं बहुतेक वेळा ती मराठीत बरोबर असतात. उदाहरण घ्या. 'तो म्हणाला की मी उद्या येतो.' मराठीत हे वाक्य निर्दोष आहे. 'मी' म्हणजे तोच, हे कुणालाही कळतं. आपल्याकडे 'की' लावलं की बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवले तरी चालतात. सर्वनाम बदलावं लागत नाही, काळही बदलावा लागत नाही. म्हणून मूल लिहितं, 'ही सेड दॅट आय विल कम टुमारो.' आपण त्यावर लाल रेघ मारतो आणि 'विल'चं 'वुड', 'टुमारो'चं 'द नेक्स्ट डे' असा तक्ता पाठ करायला देतो. तक्ता पाठ होतो, चूक तशीच राहते, कारण आपण चुकलो कुठं हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं. मी फळ्याच्या दोन भागांत दोन्ही वाक्यं लिहायचो आणि एकच विचारायचो: इंग्रजी वाक्यातला 'आय' कोण? दोन-तीन पोरं गोंधळायची, मग एखादी ओरडायची, "सर, मग येणारा तोच नाही राहिला, सांगणारा येणार झाला!" तिथून पुढं तक्त्याची गरज फारशी पडत नसे.

तसंच 'पासून'चं. 'मी दोन वर्षांपासून इथं राहतो' आणि 'मी २०२२ पासून इथं राहतो', दोन्हीकडे आपला एकच 'पासून'. इंग्रजीत कालावधी असेल तर 'फॉर', आरंभ असेल तर 'सिन्स', आणि 'राहतो'चा साधा वर्तमानकाळही चालत नाही. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' हे शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडूनही ऐकू येतं ते त्यामुळेच.

आणि 'अ' आणि 'द'. मराठीत आर्टिकल नाहीत असं आपण सांगून मोकळे होतो. पण आजीची गोष्ट आठवा. 'एका गावात एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.' पहिल्या उल्लेखाला 'एक', दुसऱ्यापासून 'तो', 'त्या'. पोराच्या कानात हे आधीपासून आहे. नियम शंभर टक्के लागू पडत नाही, पण निम्मी वाट तिथंच सरते.

तेव्हा शुक्रवारचं व्याकरणाचं पुस्तक कपाटात ठेवा. ज्या धड्यात संवाद जास्त त्याच धड्यात 'रिपोर्टेड स्पीच', म्हणजे तुमचं ते 'इनडायरेक्ट'. चरित्राचा धडा असेल तिथं भूतकाळ. एखादी गोष्ट कशी बनते, कशी केली जाते असा धडा असेल तिथं 'पॅसिव्ह', आपलं 'केलं जातं' शेजारी ठेवून.

पानपलटी | २२ एप्रिल, सकाळी ९.०२

मास्तर, 'एका गावात एक राजा' वाचून अंगावर काटा आला. वाचतेय, अजून लिहा.

ऐरोलीकर | २२ एप्रिल, दुपारी १.३०

पालक म्हणून लिहितो. माझा मुलगा जूनमध्ये दहावीत जाईल, याच मंडळात. तुमची तळमळ पोचली, बाई, पण माझी काळजीही समजून घ्या. अकरावीचा प्रवेश टक्क्यांवर होतो. स्वतःच्या वाक्यात लिहायला गेला आणि स्पेलिंग चुकलं तर गुण जाणार कुणाचे? उत्तर पाठ असेल तर तो निदान घाबरत नाही. प्रयोग नववीपर्यंत करा, दहावीत नको, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

नेरूळची_ताई | २२ एप्रिल, दुपारी ४.१०

ऐरोलीकर दादा, मी सीबीएसईच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे दहावीच्या विषयाचं नावच 'इंग्लिश लँग्वेज अँड लिटरेचर' आहे. ८० गुणांची लेखी, २० अंतर्गत. त्या ८० मधले २० न वाचलेल्या उताऱ्यांना, २० लेखन आणि व्याकरणाला, ४० साहित्याला. म्हणजे निम्मा पेपर असा की ज्याचं उत्तर पाठ करताच येत नाही. साहित्याच्या ४० मध्येही अलीकडे 'तुम्ही त्या जागी असता तर' अशा वळणाचे प्रश्न येतात. आयसीएसईमध्ये तर भाषा आणि साहित्य हे दोन स्वतंत्र पेपर, प्रत्येकी ८० आणि २०. तुमच्या राज्य मंडळाची कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिकाच, मी भाच्यासाठी पाहते. अपठित उतारा आहे, सारांश आहे, पत्र आहे, कवितेचं रसग्रहण आहे. पाठांतर करणारा मुलगा यांतल्या किती ठिकाणी पाठांतराच्या जोरावर तरेल? मंडळ कुठलंही घ्या, स्वतःचं वाक्य न येणाऱ्या मुलाचं नुकसान आधी गुणांतच दिसतं.

कोपरखैरणे_शिक्षक | २२ एप्रिल, रात्री ८.२५

मास्तरांचा अनुभव मोठा आहे, त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच एक शंका मांडतो. इंग्रजीच्या तासाला इतकं मराठी आणायचं का? माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांना दिवसभरात इंग्रजी कानावर पडतं ते त्या ३५ मिनिटांतच. तीही मराठीला दिली तर ती ऐकणार कुठं? दुसरं म्हणजे नवी मुंबईतला वर्ग. माझ्याकडे ४६ मुलांत घरी मराठी बोलणारी निम्मी असतील-नसतील. बाकीची हिंदी, कन्नड, गुजराती. त्यांनी 'पासून'चं काय करायचं?

नौपाड्याचे_मास्तर | २३ एप्रिल, सकाळी ६.५०

सर, शंका रास्त आहे. पहिलीचं उत्तर: तास इंग्रजीतच घ्या. तुलना दहा मिनिटांची, आठवड्यातून एकदा, तीही पोरं अडतील तिथंच. अख्खा धडा मराठीतून समजावून सांगणं मलाही मान्य नाही. तसं केलं तर पोरं इंग्रजी वाक्यावरून नजर फिरवतात आणि मराठीची वाट पाहत बसतात.

दुसरीचं: पोरानं आपल्या घरच्या भाषेत ते वाक्य लिहावं, फळ्यावर येऊन लिहावं. हिंदीत 'उसने कहा कि मैं कल आऊँगा', 'दो साल से'. घडण हुबेहूब आपलीच निघते. कन्नड मला येत नाही, पण माझ्या वर्गातल्या एका पोरीनं ते फळ्यावर लिहून सगळ्यांना समजावलं होतं. वर्षभर तोंड न उघडलेली पोर होती ती.

खाडीपलीकडची | २३ एप्रिल, रात्री ११.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचा प्रतिसाद छापून वहीत चिकटवला आहे.

ऐरोलीकर दादा, तुमची भीती माझ्या प्रत्येक पालकसभेत समोर बसलेली असते. तिला उत्तर दिल्याशिवाय मी दहावीला हात लावणार नाही.

आता कवितेचं सांगा ना कुणीतरी. रसग्रहणासाठी मुलं कवीचं नाव, यमक, अलंकार, मध्यवर्ती कल्पना अशा साच्यात चार-पाच वाक्यं पाठ करून ठेवतात आणि कुठल्याही कवितेला तीच लावतात. 'द पोएट हॅज यूज्ड सिंपल अँड ल्यूसिड लँग्वेज' हे वाक्य मी हजार वेळा तरी वाचलं असेल. कविता मुलापर्यंत पोचली की नाही हे त्यातून कसं कळणार?

पानपलटी | २४ एप्रिल, दुपारी ३.४०

ताई, मी ठाण्यातच शिकवते, वर्तकनगरजवळ. एका कवितेला मी चार तासिका दिल्या होत्या. जसं घडलं तसं लिहिते, लांबेल, सांभाळून घ्या.

निसीम इझिकेल यांची विंचवाची कविता. पावसाची रात्र, तांदळाच्या पोत्याखाली दडलेला विंचू आईला डसतो. गावकरी मेणबत्त्या-कंदील घेऊन गोळा होतात. वडील स्वतः बुद्धिवादी, तरी जे सुचेल ते करून पाहतात. वीस तासांनी वेदना उतरते आणि आई एकच वाक्य बोलते, की बरं झालं, मला डसला, माझ्या लेकरांना वाचवलं.

पहिल्या तासिकेला पुस्तक उघडलंच नाही. एवढंच विचारलं, "घरात कुणाला विंचू चावला तर कोण काय म्हणतं?" आधी शांतता. मग शहापूरकडचा एक मुलगा म्हणाला, त्याची आजी विंचू उतरवणाऱ्याला बोलावते. मग सगळे सुटलेच. कुणी चुना लावतं, कुणी मंत्र म्हणतं, कुणाचे बाबा रिक्षा काढून थेट सिव्हिलला नेतात. आणि मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, विंचू चावला म्हणजे एकनाथांचं भारूड!" मी ते ठरवलेलं नव्हतं. भारुडात विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि उतारा सत्त्वगुणाचा. इझिकेल यांच्या कवितेत जमलेले लोक जवळजवळ त्याच सुरात बोलतात: या विषानं देहातली वासना जळून जावो, मागच्या जन्मीचं पाप फिटो. एका संतानं मराठीत रचलेला विंचू आणि मुंबईतल्या एका प्राध्यापकानं इंग्रजीत लिहिलेला विंचू एकमेकांशी बोलतायत, हे नववीच्या मुलीनं मला दाखवलं.

दुसऱ्या तासिकेला मी कविता दोनदा मोठ्यानं वाचली, अर्थ न सांगता. मग मुलांनी गटात वाचली, गावकऱ्यांचं बोलणं सगळ्यांनी मिळून. 'दे सेड, दे सेड' पुन्हा पुन्हा येतं, तिथं वर्गाचा आवाज आपोआप वाढत गेला. आईचं शेवटचं वाक्य मात्र एकाच मुलीनं म्हणायचं ठरलं. ते त्यांनीच ठरवलं.

तिसरीला अलंकार. उपमा, अनुप्रास, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती हे सगळं मुलं मराठीत शिकलेली असतात. नाव इंग्रजी झालं की आपण पहिल्यापासून शिकवायला बसतो आणि मुलंही अनोळखी असल्यासारखी ऐकतात. मी फक्त म्हटलं, "उपमा कुठं दिसते?" गावकरी माशांच्या थव्यासारखे आले, ही ओळ त्यांना लगेच सापडली. पुढचा प्रश्न महत्त्वाचा: माश्याच का? मदतीला आलेल्या माणसांना कवी माश्या का म्हणतो? यावर पंधरा मिनिटं वाद झाला, अर्धा इंग्रजी, अर्धा मराठी. रसग्रहण मला त्या पंधरा मिनिटांत मिळालं.

चौथीला लेखन. 'माझ्या घरी कुणी आजारी पडलं की कोण काय म्हणतं', सहा ओळी, प्रत्येक ओळीत 'शी सेड' किंवा 'ही सेड'. आता मास्तरांचं वाचताना लक्षात आलं की मी तिथं 'रिपोर्टेड स्पीच'च शिकवत होते.

मुलांना हेही सांगितलं की इझिकेल १९२४ साली मुंबईत बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू कुटुंबात जन्मले. ही मंडळी कोकणात पिढ्यान् पिढ्या राहिली, मराठी बोलली, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. ठाण्यातही त्यांची जुनी वस्ती आहे, सिनेगॉग आहे. इंग्रजी कविता कुठल्या तरी लांबच्या थंड देशातून येते असं मुलांना वाटत असतं. ही तर शेजारच्या गल्लीतून आली.

नेरूळची_ताई | २४ एप्रिल, सायंकाळी ६.००

काय सुंदर लिहिलंय. याला जोडून अरुण कोळटकरांच्या 'जेजुरी'तली म्हातारीची कविता घ्या. १९७६ चं पुस्तक, राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळालेलं. कवी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहिणारे. पन्नास पैशांसाठी बाही धरणारी म्हातारी मुलांनी एकदा तरी कुठल्या ना कुठल्या देवळाच्या पायरीवर पाहिलेली असते. माझ्या वर्गातल्या एकानं सांगितलं, "मॅडम, मी तिला झटकलं होतं." त्यानंतर कविता समजावून सांगावी लागली नाही.

तिसरी_घंटा | २४ एप्रिल, रात्री ९.४५

नाटकाचंही लिहितो थोडं. शेक्सपिअर नववीला अवघड म्हणून सोडून देऊ नका. मराठी माणसाला तो नवा नाही. देवलांचं 'झुंझारराव' म्हणजे 'ऑथेल्लो', १८९० सालचं. शिरवाडकरांच्या १९७० च्या 'नटसम्राट'मागे 'किंग लिअर' उभा आहे. लिअर राज्य मुलींत वाटतो तो पहिला प्रवेश सोप्या इंग्रजीत करून घ्या आणि मुलांना विचारा, बापानं सगळं देऊन टाकावं का? प्रत्येक घरात याचं उत्तर तयार असतं. संवाद पाठ करून उभं राहून म्हणायला लावा. तोंडी परीक्षेची तयारीही त्यातच होते.

शनिवारची_पेटी | २५ एप्रिल, सकाळी ११.२०

मी शिक्षिका नाही. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची जुनी वाचक. १८९३ साली सुरू झालेली ही संस्था, तिथल्या पुस्तकांवर आमच्या घरातल्या तीन पिढ्या वाढल्या. घराजवळच्या एका शाळेत दर शनिवारी इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांची पेटी घेऊन जाते. चार वर्षं झाली.

अवांतर वाचनात सगळे एकच घोटाळा करतात. नववीच्या मुलाला नववीचं पुस्तक देतात. हू आणि नेशन या भाषा-अभ्यासकांचा २००० सालचा अभ्यास आहे: शंभरातले साधारण ९८ शब्द ओळखीचे असतील तरच माणूस कुणाच्या मदतीशिवाय समजून वाचू शकतो. पानावर २५० शब्द धरले तर अनोळखी शब्द पाच, एका हाताची बोटं. आमच्या पेटीचा नियम तोच. कुठलंही पान उघडायचं, अनोळखी शब्दाला एक बोट दुमडायचं, मूठ भरली की पुस्तक परत ठेवायचं आणि दुसरं घ्यायचं. नववीतली मुलं सुरुवातीला तिसरी-चौथीच्या पातळीची पुस्तकं उचलतात. उचलू द्या. कुणी हसणार नाही एवढं बाईंनी पाहावं. एक मुलगा जुलैत सोळा पानांच्या पुस्तकापाशी अडत होता, तो फेब्रुवारीत नव्वद पानांचं वाचून आला.

आणि वाचल्यावर प्रश्न विचारू नका. सारांश लिहून घेऊ नका. फक्त तारीख आणि पुस्तकाचं नाव. मुलं आपणहून सांगायला येतात, तेवढी वाट पाहावी लागते.

जुना_विद्यार्थी | २५ एप्रिल, रात्री १०.१०

मराठी माध्यमात शिकलो, आता ऐरोलीच्या आयटी पार्कात काम करतो. दिवसभर इंग्रजीत मेल लिहितो. शाळेतलं काय उपयोगी पडलं असेल तर एक पत्र. आमच्या सरांनी पुस्तकातला विषय न देता सांगितलं, शाळेसमोर पदपथ खणून तसाच टाकलाय, त्याबद्दल प्रभाग कार्यालयाला इंग्रजीत पत्र लिहा, सगळ्यांत चांगलं पत्र खरंच पाठवणार. त्या दिवशी मी पहिल्यांदा विचार केला, हे वाचणारा माणूस कोण असेल, त्याला पहिल्या ओळीत काय कळलं पाहिजे. खड्ड्याची लांबी मोजायला आम्ही मधल्या सुट्टीत टेप घेऊन गेलो होतो. पत्र माझं निवडलं गेलं नाही, पण 'युवर्स फेथफुली' कुठं लिहायचं ते कधी पाठ करावं लागलं नाही.

विषय भरपूर आहेत. ठाणे खाडीतले रोहित पक्षी घ्या. २०१५ साली अभयारण्य झालं, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं. एकच बातमी मराठी आणि इंग्रजी पेपरातून आणून शेजारी ठेवा. किंवा १६ एप्रिल १८५३: बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० प्रवासी. एवढ्या आकड्यांवर परिच्छेद लिहायला सांगा. आपल्याच स्टेशनाबद्दल लिहिताना मुलं रेंगाळत नाहीत.

खाडीपलीकडची | ३१ मे, रात्री ९.३०

महिनाभर तुमच्या प्रतिसादांवरच घासत होते. ठरलं ते असं.

व्याकरणाचा वेगळा वार रद्द. पाठ्यपुस्तकातले धडे आणि कविता क्रमांकानं घ्यायच्या नाहीत, नात्यानं घ्यायच्या. जून-जुलै 'घर आणि माणसं', त्यात संवादाचे धडे, पानपलटीताईंसारखी एक कविता आणि 'शी सेड'. ऑगस्टपासून सहामाहीपर्यंत 'आपलं गाव', त्यात रेल्वे, खाडी, खरं पत्र, 'केलं जातं'. दिवाळीनंतर चरित्रं आणि नाटकाचा एक प्रवेश. दर शनिवारची एक तासिका फक्त वाचनाची. पेटी मी रद्दीवाल्याकडून आणि शेजाऱ्यांकडून जमवतेय, ३७ पुस्तकं झाली. शब्द मोजून घेतले, निम्मी अजून जड आहेत.

धडा शिकवून झाला की मत विचारणाऱ्या प्रश्नाचं उत्तर मी फळ्यावर लिहिणार नाही. मुलांनी आधी कच्च्या वहीत, अडलं तर मराठीत किंवा घरच्या भाषेत लिहायचं, मग दोघांनी मिळून इंग्रजीत आणायचं. तृतीय भाषेच्या कृतिपत्रिकेत भाषांतराचा प्रश्न असतोच. आजवर तो शेवटच्या आठवड्यात उरकत होते, आता तो वर्षभराचा कणा होईल.

ऐरोलीकर दादा, दहावीबद्दल: डिसेंबरपासून दर आठवड्याला एक पूर्ण कृतिपत्रिका वेळ लावून सोडवून घेणार आणि गुण पालकांना कळवणार. साच्यातली उत्तरं ज्यांना हवी आहेत त्यांना अडवणार नाही. तुमच्या मुलाची शाळा वेगळी असली तरी कृतिपत्रिका हवी असेल तर निरोप करा.

एकच प्रश्न राहिला. ५८ मुलं ५८ तऱ्हेची उत्तरं लिहिणार. तपासायची कशी?

ऐरोलीकर | ३१ मे, रात्री १०.१५

धन्यवाद बाई, कृतिपत्रिका हवी आहे. धास्ती पूर्ण गेली असं म्हणणार नाही, पण काल मुलाला एक न वाचलेला उतारा दिला होता. अर्धा तास नुसता बघत बसला. नेरूळच्या ताईंचं म्हणणं तेव्हा पटलं.

नौपाड्याचे_मास्तर | १ जून, सकाळी ६.४०

सगळ्या चुका एकदम तपासायच्या नाहीत, बाई. आठवड्याला एकच चूक हुडकायची आणि वर्गाला आधी सांगून ठेवायची: या आठवड्यात मी फक्त क्रियापद बघणार. बाकी दिसलं तरी पेन उचलायचं नाही. हात शिवशिवतो, पण थांबवायचा. लाल शाईनं भरलेली वही पोरं वाचत नाहीत, मिटून टाकतात. आणि रोज १२ वह्या नीट बघा, ५८ नकोत. आठवडा पुरतो.

खाडीपलीकडची | ९ ऑगस्ट, रात्री १०.५०

धागा वर काढतेय.

सगळं सुरळीत चाललंय असं नाही. पहिले तीन आठवडे नववीनं कच्च्या वहीत जवळजवळ काहीच लिहिलं नाही, फळ्याकडे बघत बसली. एका पालकांनी शाळेत येऊन विचारलं की बाई उत्तरं का देत नाहीत. पाठ्यपुस्तकात मी दोन धडे मागे आहे आणि ते कसे भरून काढायचे हे अजून ठरलेलं नाही. शनिवारची पेटी मात्र मुलं स्वतः वर्गात आणून ठेवतात.

ती पेन्सिलवाली मुलगी आता दहावीत आहे. काल मी त्यांना गेल्या वर्षीचाच प्रश्न पुन्हा दिला: त्या मुलानं पैसे परत का ठेवले असतील? फळा कोरा. तिनं या वेळी खोडलं नाही. वहीत आधी मराठी ओळ आहे, तीच, आणि तिच्याखाली पेननं: 'ही वॉन्ट टु लर्न. मनी इज फिनिश इन वन मंथ बट रीडिंग इज नॉट फिनिश.'

दुसरं वाक्य गोष्टीत नाही, माझ्या कुठल्याही फळ्यावर नव्हतं, गाईडमध्येही नाही. तिचं आहे.

नौपाड्याचे_मास्तर | १० ऑगस्ट, सकाळी ६.३०

बाई, फार आनंद झाला. 'वॉन्ट'चा 'एस' राहिलाय. तो कधी सांगणार?

खाडीपलीकडची | १० ऑगस्ट, सकाळी ७.०५

सोमवारी, सर. अकरा जणांचा राहिलाय, सगळ्यांना एकदमच. 'जातो-जाते' फळ्यावर लिहून विचारणार आहे, की मराठीत क्रियापद बघून मुलगा की मुलगी ते कळतं, मग इंग्रजीत 'ही' आणि 'शी' दोघांना एकच 'एस' का लागतो, आणि 'आय'ला का लागत नाही. 'फिनिश'चं पुढच्या आठवड्यात.